कळण्याची भाकरी फुगेल अशी उचलती चूल कशी करावी?

प्रश्न : वेल्डर, पारोळा

नमस्कार मंडळी. माझं ग्रिल-शेटरच्या कामाचं छोटं दुकान आहे. आईसाठी लाकडावरची उचलून नेता येईल अशी चूल करतोय. एक करून झाली, ती अर्धी जमली आणि अर्धी फसली. दुसरी करण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून लिहितोय.

घरात गॅस आहे. चहा, भाजी त्यावरच होते. पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. आम्ही सहा माणसं, सकाळी १२-१४ भाकरी लागतात, त्यातही कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) जास्त. जळणाला कपाशीच्या काड्या असतात, थोडी बाभूळ, निंबाच्या छाटलेल्या फांद्या. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाबा मळ्यात राहतात, तेव्हा तिथे तीन दगड मांडून स्वयंपाक. आई ६८ वर्षांची आहे. धुराने तिचे डोळे सतत लाल, आणि पहाटेचा खोकला आता उन्हाळ्यातही जात नाही. म्हणून हा खटाटोप.

पहिला नग असा केला : ४ इंची चौकोनी एम.एस. (साध्या लोखंडाचा) पाइप एल आकारात जोडला. आडवं तोंड काड्या सारायला, उभी नळी ११ इंच. ती १५ किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बसवली. मधल्या पोकळीत वाळू आणि थोडं सिमेंट भरलं. वरती तव्यासाठी तीन टेकू.

झालं असं की पेटवल्यावर पहिली १५-२० मिनिटं नुसता धूर. मग एकदा नळीने हवेची ओढ धरली की धूर जवळजवळ बंद, जाळ सरळ वर, आवाज करत. पाण्याला उकळी झटकन येते. पण भाकरीच्या वेळी तव्याचा मधला भाग लाल आणि कडा थंड. भाकरी मधे करपते, काठाला कच्ची. आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी आरावर (निखाऱ्यांवर) उभी करून फुगवायची, तर आर आहे कुठे? सगळं आत नळीत. आई म्हणाली, "धूर कमी शे रे भाऊ, पन भाकर फुगस नही." दोन दिवस वापरून तिने परत जुनी चूल पेटवली. मी काहीच बोललो नाही, कारण तिचं खरं आहे.

आणखी तीन अडचणी. वजन २५ किलो झालं, म्हणजे मळ्यात न्यायला दोन माणसं हवीत. आतल्या पाइपचे पापुद्रे सुटायला लागलेत, दोन महिनेसुद्धा झाले नाहीत. आणि चूल १५ इंच उंच झाली, आई पाटावर बसते, तिचा हात खांद्याच्या वर जातो.

काड्या आपोआप खाली सरकाव्यात म्हणून तोंड तिरपं करावं का? वाळूच्या जागी काय भरू? आणि मुख्य म्हणजे तवा सगळीकडे सारखा तापेल असं काही आहे का?

उत्तर : निवृत्त मास्तर, अमळनेर

भाऊ, तुम्ही जी चूल केली तिला जगभर रॉकेट चूल म्हणतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात अप्रोव्हेचो नावाचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात तिची तत्त्वं मांडली. तुमचा आकार बरोबर आहे. ४ इंची तोंडाला ११ इंच नळी म्हणजे पावणेतीन पट, ठीक. चूक वाळूत आहे.

आपल्याकडे समज असा की जाड माती, वाळू, विटा घातल्या की उष्णता टिकते. ती टिकते, पण आधी चूल ती पिऊन घेते. तेलाच्या डब्यात तुमची १८ किलो तरी वाळू बसली असेल. ती सरासरी २०० अंशांनी तापवायला साधारण २९०० किलोज्यूल लागतात. ५ लिटर पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला लागतात १५७०. म्हणजे गंजातल्या (पातेल्यातल्या) पाण्याला लागते त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता आधी वाळूने खाल्ली. पहिल्या वीस मिनिटांचा धूर याचाच : नळी थंड, म्हणून लाकडातून निघालेला वायू न जळता बाहेर.

भरायचं ते हलकं आणि हवा धरून ठेवणारं हवं. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुलीचीच राख. बारीक चाळणीने चाळा, कोळशाचा तुकडा राहू देऊ नका, नाहीतर तो आत धुमसत राहतो. ओली नको. राख बसत जाते, तेव्हा वरून झाकण उघडता येईल असं ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी भर घाला. तेवढ्याच जागेत ती सहा-सात किलोच भरेल, म्हणजे वजनाचा प्रश्नही तिथेच सुटला. नर्सरीत परलाइट किंवा वर्मिक्युलाइट (हलके, सच्छिद्र खनिज दाणे) मिळतं, तेही चालतं.

आतली नळी साध्या लोखंडाची टिकत नाही. तुम्ही रेलिंगची कामं करत असाल तर ३०४ स्टेनलेसचे उरलेले तुकडे असतील, ते वापरा. किंवा कुंभाराला सांगून माती आणि लाकडाचा भुसा कालवून जाड कौलं भाजून घ्या. भुसा भट्टीत जळतो, त्याच्या जागी छिद्रं राहतात, कौल हलकं होतं आणि उष्णता धरून ठेवत नाही.

तोंडात मधोमध एक आडवी पट्टी ठेवा. काड्या तिच्यावर, हवा तिच्याखालून. काड्यांखालून आलेली हवा आधी तापते आणि जाळात मिसळते. पट्टी नसेल तर निम्मं तोंड काड्यांनीच बंद होतं.

पाण्याच्या गंजाभोवती पत्र्याचं कडं करा. हिशोब सोपा आहे : नळीचं क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी, तर गंज आणि कडं यांच्यातल्या फटीचंही तेवढंच हवं. २४ सेंमी व्यासाच्या गंजाचा परीघ ७५ सेंमी, म्हणून फट सव्वा ते दीड सेंमी. फार मोठी ठेवली तर गरम हवा भांड्याला न शिवता निघून जाते, फार लहान ठेवली तर चूल गुदमरते.

उत्तर : शहाद्याची सुगरण

भाऊ, मास्तरांनी पाण्याचं सांगितलं, ते बरोबर असेल. पण तुमच्या आईचं दुखणं पाण्याचं नाही, तव्याचं आहे. मी तीस वर्षं रोज भाकरी करते, म्हणून लिहिते.

भाकरीला दोन प्रकारची आच लागते. तव्यावर टाकली की पसरट, मध्यम आच, पाणी फिरवून उलटायच्या वेळी थोडी जास्त. नंतर आराची आच, जाळाची नाही. जाळावर धरली की पापुद्रा जळतो आणि आत वाफ धरत नाही. कळण्याची तर जाड असते, तिला आराजवळ जास्त वेळ लागतो. ज्या चुलीत आर होत नाही ती चूल आमच्या कामाची नाही, धूर कितीही कमी असो.

आणि आर कपाशीच्या काडीचा होत नाही. ती भर्रकन पेटते आणि तिची राख होते. भरताची वांगी भाजायला काडीच पाहिजे, भाकरीला बाभूळ पाहिजे. मी सुरुवातीला बाभळीची दोन लाकडं लावते, तव्याखाली जाळ काड्यांचा ठेवते, आणि भाकऱ्यांना लागतो तेवढा आर पुढे ओढत जाते. तुमच्या चुलीत आर पुढे ओढायला जागा करा.

तिरपं तोंड नका करू. कपाशीच्या काडीला फाटे असतात, ती सरळ नसते, मधेच अडकते. मग वरच्या तोंडाकडे जाळ चढतो आणि धूर तोंडावर येतो. काड्या दीड फुटाच्या तोडा, फाटे काढा, मूठभर एकत्र सारा. फक्त टोकं जळली पाहिजेत.

उंचीचं म्हणाल तर चूल कमी करू नका, बसायची जागा उंच करा. आमच्याकडे ओट्याच्या खाली, एक पायरी उतरून चूल आहे आणि मी ओट्यावर बसते. गुडघेही कमी दुखतात.

उत्तर : पुण्यात राहणारा धुळेकर

पंख्याच्या चुलीचाही विचार करा. तिच्यात वरून पेटवतात, लाकडाचा वायू होऊन तो वर जळतो, छोट्या पंख्याने हवा मिळते. उचलत्या चुलींसाठी भारतीय मानक आहे, आयएस १३१५२. त्यात साध्या ओढीच्या चुलीला किमान २५ टक्के कार्यक्षमता लागते आणि पंख्याच्या चुलीला ३५. तीन दगडांची चूल १०-१५ टक्क्यांच्या आसपास असते. फरक मोठा आहे.

मात्र तिला जळण बोटाएवढ्या तुकड्यांचं आणि खडखडीत वाळलेलं लागतं. एकदा भरलं की मधे घालता येत नाही. पुण्यातल्या आरती संस्थेने संपदा नावाची अशा प्रकारची बिनपंख्याची चूल केली होती, तिच्यात स्वयंपाक झाल्यावर कोळसा उरतो. तो कोळसा ताईंच्या आराच्या कामाला येईल असं वाटतं.

एक वेगळीच गोष्ट सांगतो. काड्या बांधावर किंवा घरामागे वर्षभर रचून ठेवू नका. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते आणि पुढच्या हंगामात शेतात जाते. बोंडं झाडून टाका, काड्या उन्हाळ्यातच वापरून संपवा.

प्रश्नकर्ता : वेल्डर, पारोळा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. "ही बाई खरं सांगस," म्हणाली. पंख्याच्या चुलीचं पटलं, पण मळ्यात काड्यांचे बोटभर तुकडे करत कोण बसणार? हात दुखतात तिचे. ओढीचीच करतो.

मास्तर, एक विचारतो. तव्याचा मधला भाग वाचवायला नळीच्या तोंडावर लोखंडी चकती धरली तर ओढ मरेल का?

उत्तर : निवृत्त मास्तर, अमळनेर

चकती नळीपासून पुरेशी वर असेल तर मरणार नाही. ११ सेंमी व्यासाची चकती घ्या, परीघ साडेचौतीस सेंमी. १०० चौ. सेंमी वाट मोकळी राहायला ती तोंडापासून ३ सेंमी वर हवी. तेवढ्याने भागणार नाही, जाळ कडेपर्यंत नेणारं काहीतरी लागेल. तव्याखाली एक उथळ थाळी करा, मधे नळीला भोक, कड थोडी वर उचललेली. २८ सेंमी तव्याचा परीघ ८८ सेंमी, म्हणून थाळीची कड आणि तवा यांत साधारण ११ मिलिमीटर फट. गरम हवा चकतीला अडून पसरेल आणि तव्याच्या पोटाला घासत कडेने बाहेर पडेल.

भाकरीसारख्या पदार्थासाठी चुली बदलणारे आपण पहिले नाही. होंडुरासमध्ये टॉर्टियासाठी सपाट पत्र्याची हुस्ता चूल झाली, इथिओपियात इंजेरासाठी मिर्त. पाणी उकळायला केलेली चूल तिथेही जशीच्या तशी चालली नाही.

तपासायचं असेल तर ५ लिटर पाणी घ्या, लाकूड तोलून लावा. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण १५ हजार किलोज्यूल धरा. २५ टक्क्यांची चूल असेल तर उकळी येईपर्यंत ४२० ग्रॅम लाकूड जळेल, १० टक्क्यांची असेल तर किलोभर.

प्रश्नकर्ता : वेल्डर, पारोळा

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी वापरून बघायचं होतं.

नवी चूल तयार आहे. आत ३०४ चा दीड मिलिमीटर पत्रा, भोवती चाळलेली राख, तेलाचाच डबा. वजन १३ किलो, दोन्ही बाजूंना कड्या लावल्या, बाबा एकटे उचलतात. तोंडात पट्टी बसवली. पट्टीच्या मागे, जाळाच्या खाली, सळ्यांची जाळी आहे आणि तिच्याखाली ओढता येणारा ट्रे, ९ इंच लांब. बाभळीचा आर जाळीतून ट्रेमध्ये पडतो. आई ट्रे अर्धा पुढे ओढते आणि भाकरी त्याच्या काठाला टेकून उभी करते. पहिल्यांदा सळ्या फार जवळ जवळ लावल्या होत्या, आर वरच अडकून राहिला. एक सोडून एक कापली तेव्हा पडायला लागला.

५ लिटर पाण्याला ४६० ग्रॅम लाकूड लागलं, दुसऱ्या दिवशी ४८०. जुन्या चुलीवर ९०० च्या वर. कडं अजून पातळ पत्र्याचं आहे, वाऱ्यात हलतं, ते नीट करायचंय. धूर पेटवताना दोन-तीन मिनिटं होतो, नंतर नाही. तरीही पडवीतच वापरतो. ट्रेमधल्या आराचा वायू दिसत नाही आणि वासही येत नाही, बंद खोलीत तो जीव घेईल, हे बाबांना दोनदा सांगितलं.

चकती-थाळीने तवा सारखा तापतो. खूप सारखा, इतका की पहिल्या दिवशी आईला आच कमी वाटली. चकती ३ सेंमीवरून साडेतीनवर नेली, मग तिला बरं वाटलं. पहिल्या सहा भाकऱ्यांतल्या चार फुगल्या. काल बारापैकी अकरा.

ओट्याखाली पायरी करायला जागा नव्हती, म्हणून आईसाठी आठ इंचाचा लोखंडी पाट केला, वर लाकडी फळी. ताई, तुम्ही म्हणालात तसं गुडघ्याला आराम आहे.

आता मावशी साक्रीहून येणार आहे, तिला मांडे करायचेत. खापर तव्यापेक्षा बरंच मोठं आणि खोल असतं, माझी थाळी त्याला पुरणार नाही. कोणी मातीच्या खापराचं माप टाकेल का, व्यास आणि खोली दोन्ही?

उत्तर : शहाद्याची सुगरण

माझं खापर वीत वीत दोन वेळा आणि वर चार बोटं, खोली पाच बोटं. उद्या टेपने मोजून टाकते. आणि भाऊ, खापराला चकती लावू नका, मांड्याला मधेही चांगली आच लागते. आधी तशीच करून बघा.