अनुभव धागा: तलावातल्या बोटींना वेगमर्यादा किती आणि एका वेळी बोटी किती?

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर सुट्टीच्या दिवशी स्पीडबोटी, पॅडल बोटी आणि मासेमारांचे डोंगे एकाच पाण्यात असतात. वेगावर बंधन हवं की बोटींच्या संख्येवर, यावर वाद जुना आहे. ज्यांचा हात रोज पाण्याला किंवा इंजिनाला लागतो त्यांनी आकड्यांसह लिहावं. मतं चालतील, पण मोजमाप द्या.

पंखावाला

सरसकट ‘ताशी 15 किमी’ची पाटी लावायची सूचना नेहमी येते. माझ्या मते यापेक्षा वाईट आकडा शोधून सापडणार नाही. बोटीची पाण्यात टेकलेली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा. आलेला आकडा नॉटमध्ये. 16 फुटांसाठी 5.36 नॉट, म्हणजे ताशी 10 किमी. इथपर्यंत बोट पाणी कापत जाते. त्यापुढे नाक वर येतं, शेपूट बसते आणि बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत राहते. अशा बोटीची सगळ्यात मोठी लाट ताशी 12 ते 20 च्या पट्ट्यात निघते. अजून वेग दिला की ती पाण्यावर सपाट होते आणि लाट उलट लहान होते. म्हणून काठाजवळ 8, मोकळ्या पाण्यात 35-40, आणि मधल्या वेगात रेंगाळायचं नाही. पाटीवर 15 लिहिलं की नियम पाळणारा चालकच पॅडल बोटी हेलकावणार.

शीड_आणि_सुकाणू

लाटेचं पटलं. धडकेचं मात्र सोडून दिलंत. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर. समोरचं दिसून हात हलेपर्यंत दोन सेकंद धरा, 22 मीटर गेले. दोन बोटी समोरासमोर असतील तर दोघींतलं 44 मीटर अंतर संपलं, आणि अजून कुणी वळलेलंच नाही. बोटीला ब्रेक नसतो. जेट-स्कीचं तर आणखी वेगळं: थ्रॉटल (वेग द्यायचा खटका) सोडला की ती वळतच नाही, कारण तिला सुकाणूचं पातं नसतं, मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतावरच ती वळते. घाबरलेला नवखा माणूस नेमका थ्रॉटलच सोडतो.

नियम सोपा ठेवा. सगळ्या वेगवान बोटी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतील, म्हणजे काठ कायम उजव्या हाताला. समोरासमोर यायचा प्रसंगच उरत नाही. शिडाची किंवा वल्ह्यांची बोट दिसली की इंजिनवाल्याने बाजू द्यायची.

गणितमास्तर

समजा एखादा तलाव 40 हेक्टरचा आहे, म्हणून सगळे 40 हेक्टर वापरता येत नाहीत. गोल तलाव धरा: त्रिज्या 357 मीटर. काठालगत 60 मीटरचा संथ पट्टा सोडला की त्रिज्या 297, क्षेत्र जेमतेम 27.7 हेक्टर. तीस टक्के तिथेच गेले, आणि आपल्याकडचे तलाव गोल नसतात. फाटे-खाड्या असल्या तर आणखी जातं. वेगवान बोटीला प्रत्येकी 4 हेक्टर द्यायचे ठरवले तर सहाच बोटी बसतात, सातवीला जागा अपुरी. हे भरलेल्या तलावाचं. मे महिन्यात पाणी ओसरलं की हाच हिशेब पुन्हा करावा लागतो. परवाना देताना डिसेंबरचं पाणी धरतात आणि गर्दी उन्हाळी सुट्टीत होते, हे सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

ढीवरवाडी

भाऊ, तुमचं गणित बरोबर हाय, पण आमचं जाळं कोणत्या हेक्टरात बसते ते बी सांगा न! नायलॉनचं जाळं इंजिनाच्या पंख्यात गेलं की जाळं तं फाटतेच, दोर दांड्यावर गुंडाळून सील कापते, मंग गिअरच्या तेलात पाणी. तेल दुधासारखं पांढरं दिसलं की समजा काम झालं. सकाळी 9 वाजेपर्यंत इंजिन नको, अन् जाळ्याच्या दोन्ही टोकाले लाल डबे. दोघांचंही नुकसान वाचते.

पंखावाला

दादा, एकदम बरोबर. जलपर्णीचंही तेच. नागपूरच्या अंबाझरी तलावात ती कशी पसरते ते सगळ्यांनी पाहिलंय. पंख्याने तुटलेला तुकडा मरत नाही, वाहून दुसरीकडे रुजतो. शिवाय इंजिन गार ठेवायला पाणी ओढायची जाळी तुंबते. इंजिनच्या मागून जी बारीक धार पडते ती थांबली की लगेच बंद करा, नाहीतर इम्पेलर (पाणी ओढणारा आतला छोटा पंखा) जळतो आणि मागोमाग हेड गरम होतं. दीड मीटरपेक्षा उथळ पाण्यात पूर्ण थ्रॉटल दिला की तळाचा गाळ वर येतो, पाणी गढूळ होतं ते वेगळंच.

धक्क्यावरून

गर्दी तलावाच्या मध्ये नसते हो, धक्क्याशी असते. 15 मिनिटांची फेरी, 5 मिनिटं चढ-उतार, बोटी 6. वीस मिनिटांत 12 ये-जा, म्हणजे दर 1 मिनिट 40 सेकंदाला एक बोट हलते, आणि त्याच दहा मीटरमध्ये पॅडल बोटी घुटमळतात. यायची आणि जायची वाट वेगळी करा, पॅडल बोटींचा धक्का निदान 50 मीटर दूर ठेवा. माणूस पाण्यातून वर घेताना न्यूट्रल चालत नाही, इंजिन बंदच हवं.

एका बोटीतली गर्दी हा याहून गंभीर मुद्दा. 18 जानेवारी 2024 ला वडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडून गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. आपल्या नागपूरजवळच्या वेणा जलाशयावर जुलै 2017 मध्ये तरुणांची नाव उलटली. बसलेली माणसं एकदम एका बाजूला उठली की भार वरही जातो आणि कडेलाही. फोटोसाठी उभं राहू द्यायचं नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

लाईफ जॅकेट दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून पाहा. हनुवटीच्या वर सरकलं तर ढिलं आहे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि जॅकेटवर बसू नका, फोम दबला की तरंगायची ताकद कमी होते.

अंतर्देशीय

2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा तलावालाही लागू पडतो. नोंदणी, तपासणी, विमा मागा. ‘आमची छोटी बोट आहे’ हे उत्तर नव्हे.

काठावरची

दादा, वेग मोजायचा कसा? रडार गन कोण आणणार?

शीड_आणि_सुकाणू

ताई, रडार कशाला? दोन बोये (दोराने बांधलेल्या तरंगत्या खुणा) एकमेकांपासून 50 मीटरवर टाका आणि फोनचं स्टॉपवॉच लावा. 22 सेकंदांच्या आत गेला तर ताशी 8 ओलांडले. 5 सेकंदांत गेला तर ताशी 36.

बोया मात्र नीट बांधा. पाणी 6 मीटर असताना दोर 8 मीटर ठेवला तर बोया जागेवरून 5 मीटर इकडे-तिकडे सरकतो. मे महिन्यात पाणी 2 मीटरवर आलं की तोच बोया पावणेआठ मीटर भटकतो आणि तुमच्या 50 मीटरचं काही खरं राहत नाही. उपाय: बोयाखाली कडी लावा, तळच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा दोर त्यातून ओवा आणि मोकळ्या टोकाला 3-4 किलोचा दगड लटकवा. पाणी उतरलं की दगड खाली जातो, दोर ताणलेला राहतो. फक्त पाणी फार कमी झालं आणि दगड तळाला टेकला की दोर पुन्हा ढिला पडतो, तेव्हा तो वरून आखडून घ्या. बोया म्हणून बूच घट्ट सील केलेला 20 लिटरचा कॅन पुरतो. निळा नको, पाण्यात दिसत नाही, केशरी रंगवा.