वुडलँड्स नाक्याचा विस्तार झाल्यावर सिंगापूर–जोहोर प्रवासातील प्रतीक्षा खरोखर कमी होईल का?

प्रश्न : दादरकर भगिनी

नमस्कार. माझी मुलगी नोकरीनिमित्त सिंगापुरात राहते आणि माझा धाकटा भाऊ सीमेपलीकडे मलेशियातील जोहोर बारू येथे स्थायिक झालेला आहे. यंदाची भाऊबीज त्याच्या घरी करावी अशी माझी इच्छा आहे आणि सोबत ८२ वर्षांच्या आईला नेण्याचा विचार आहे. तिला लेकाचे घर एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे. नकाशावर पाहिले तर दोन्ही देशांना जोडणारा कॉजवे दादर ते माहीम एवढाही लांब नाही. परंतु काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुट्टीत एका प्रवास कंपनीच्या बसने आम्ही हाच टप्पा पार केला, तेव्हा साडेतीन तास लागले होते. त्यातील बराचसा वेळ आम्ही सामान हातात धरून उभे होतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांना ते झेपणारे नाही.

आता वाचनात येते की सिंगापूर आपला वुडलँड्स येथील तपासणी नाका फार मोठ्या प्रमाणावर वाढवीत आहे, आणि दोन्ही शहरांना जोडणारी नवी रेल्वेही २०२६ अखेरपर्यंत सुरू करण्याचे नियोजन आहे. भाऊ म्हणतो, भाऊबीज राहू दे, रेल्वे सुरू झाल्यावर जानेवारीत या. माझे मन मात्र मानत नाही. या विस्ताराने प्रतीक्षा खरोखर कमी होणार आहे का, आणि तोवर आईला कमीत कमी त्रास होईल असा मार्ग कोणता, हे तेथील अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : वुडलँड्समध्ये राहणारा ठाणेकर

ताई, मी नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो आणि कामासाठी महिन्यातून अनेकदा पलीकडे जातो, म्हणून आधी तेथे प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. आपण बसने निघालात तर वुडलँड्स येथे सर्व सामानासह उतरावे लागते, जिना किंवा लिफ्टने वर जाऊन सिंगापूरची तपासणी पूर्ण करावी लागते, पुन्हा खाली येऊन बसच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि कॉजवे ओलांडून झाल्यावर जोहोरच्या बांगुनान सुलतान इस्कंदर या इमारतीत हाच सगळा क्रम पुन्हा करावा लागतो. १९२४ साली खुला झालेला हा कॉजवे एक किलोमीटरपेक्षा थोडासाच लांब आहे आणि त्यावरून दररोज सरासरी तीन लाखांच्या आसपास माणसे ये-जा करतात. यातील फार मोठा भाग जोहोरमध्ये राहून सिंगापुरात नोकरी करणाऱ्यांचा आहे. कल्याण-डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे लोटणारी आणि संध्याकाळी परतणारी गर्दी आपण पाहिली असेल, तर चित्र चटकन डोळ्यांसमोर येईल. फरक इतकाच की येथे प्रत्येकाची ओळख दोनदा तपासली जाते.

विस्ताराविषयी सांगायचे तर ते काम कित्येक वर्षे चालणारे आहे. त्याचा पहिला टप्पा २०३२ च्या सुमारास पूर्ण होणे अपेक्षित आहे. गर्दीच्या वेळी मोटारींना सरासरी ६० मिनिटे लागतात, ती १५ मिनिटांवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे, पण ते संपूर्ण पुनर्विकासाचे उद्दिष्ट आहे, पुढच्या वर्षाचे नव्हे. या कामासाठी मार्सिलिंग लेन येथील नऊ इमारतींमधील ७३२ घरे घेण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. माझ्या ओळखीची काही वृद्ध मंडळी तेथे राहत होती. त्यांना जवळच नवी घरे देऊ केली गेली, तरीही पन्नास वर्षांची शेजारसोबत मोडणे म्हणजे काय, हे गिरणगावातून आलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नाका रुंद होतो तेव्हा त्याची किंमत कोणीतरी मोजत असते, हे येथे नोंदवून ठेवावेसे वाटले.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आईंसाठी बस नको. सिंगापूर शहरातील क्वीन स्ट्रीटच्या थांब्यावरून परवानाधारक सीमापार टॅक्सी मिळते. तीत बसल्या जागी पासपोर्ट दाखवून दोन्ही तपासण्या होतात आणि सामान डिकीतच राहते. वाहनांच्या रांगेत वेळ जाऊ शकतो, परंतु तो बसून जातो. खासगी मोटार घेऊन भाड्याने पलीकडे सोडणारे अनेक जण भेटतील. त्यांच्याकडे परवाना नसतो आणि अशा वाहनांवर दोन्ही बाजूंना कारवाई होते, म्हणून त्यांच्या नादी लागू नये.

उत्तर २ : मुलुंडचे निवृत्त वाहतूक नियोजक

रांग कमी होईल का, या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर रांग कशी वाढते ते आधी पाहावे लागेल. माझी नोकरी याच हिशोबात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

समजा, एका खिडकीवरील अधिकारी प्रत्येक प्रवाशाला ४५ सेकंद देतो. म्हणजे तो ताशी ८० प्रवासी सोडतो आणि अशा १० खिडक्या मिळून ताशी ८०० प्रवासी सोडतात. ताशी ७०० प्रवासी येत असतील तोवर रांग लहान राहते. संध्याकाळी तीन तास सलग ताशी १,००० प्रवासी येऊ लागले, की दर तासाला २०० माणसे मागे उरतात, तिसऱ्या तासाच्या अखेरीस ६०० माणसे साचतात आणि त्या वेळी रांगेत शेवटी उभ्या राहिलेल्या माणसाला ४५ मिनिटे थांबावे लागते. आता फक्त एक खिडकी वाढवून पाहा. ताशी ८८० प्रवासी सुटू लागतात, साचणारी माणसे ३६० वर येतात आणि तीच प्रतीक्षा सुमारे २५ मिनिटांवर उतरते. उलट, दहातील एक अधिकारी त्या तीन तासांसाठी जागेवर नसेल तर ८४० माणसे साचतात आणि प्रतीक्षा ७० मिनिटांवर जाते. खिडक्यांची संख्या दहा टक्क्यांनी इकडे-तिकडे झाली, की प्रतीक्षा जवळजवळ निम्मी होते किंवा दीडपटीहून अधिक वाढते. म्हणून सुट्टीच्या दिवशी नाक्यावर जे हाल होतात त्यांचे कारण पुष्कळदा रस्त्याच्या रुंदीत नसते; गर्दीच्या नेमक्या तासांत किती खिडक्या उघड्या आहेत आणि एका माणसामागे किती सेकंद जातात, यात ते असते.

याच कारणाने मला इमारतीच्या विस्तारापेक्षा एक लहानशी सुधारणा अधिक मोलाची वाटते. मार्च २०२४ पासून सिंगापूरने या नाक्यांवर मोटारीतील प्रवाशांसाठी पासपोर्टऐवजी क्यूआर कोड दाखवण्याची सोय केली. चार माणसांच्या मोटारीमागे त्यातून सुमारे २० सेकंद वाचतात, असे तेथील यंत्रणेने सांगितले आहे. २० सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण वरच्या हिशोबात प्रत्येक खिडकीचे काही सेकंद वाचवणे म्हणजे नवी खिडकी उघडण्यासारखेच आहे, आणि त्यासाठी कोणाचे घर घ्यावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अशी की येथे दोन नाके एकामागोमाग आहेत. सिंगापूरने आपल्या बाजूस कितीही खिडक्या वाढवल्या, तरी पलीकडच्या नाक्याची क्षमता तेवढीच राहिली तर रांग फक्त पुढे सरकते. कॉजवेवर वाहने साचतात आणि ती शेपटी मागे बुकित तिमाह द्रुतगती मार्गापर्यंत येते. १९९८ मध्ये तुआस येथे दुसरा पूल सुरू झाला, त्याने पश्चिमेकडची वाहतूक नक्कीच वळवली, पण कॉजवेची गर्दी ओसरली नाही, कारण शहराच्या मध्यातून जाणाऱ्याला तो पूल आडवाटेचा पडतो.

मुलुंडकर म्हणून एक आठवण येथे सांगणे मला आवश्यक वाटते. जकात होती तोवर आमच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा रात्रभर उभ्या असत आणि रस्ता रुंद करा ही मागणी मी स्वतः अनेक बैठकांत ऐकली होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात बंद झाली आणि त्या रांगा गेल्या. रस्ता होता तेवढाच राहिला. थांबण्याचे कारण तेवढे उरले नाही. देशांच्या सीमेवर तपासणी पूर्णपणे काढून टाकता येत नाही हे खरे, पण दोन थांब्यांचा एक थांबा करता येतो. नव्या रेल्वेची खरी ताकद तिच्या वेगात नसून येथेच आहे. वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चागर हा सुमारे चार किलोमीटरचा मार्ग आहे, ताशी एका दिशेने १०,००० प्रवासी नेण्याची तिची क्षमता असेल, आणि मुख्य म्हणजे दोन्ही देशांची तपासणी प्रवासी जेथे गाडीत चढतो त्याच स्थानकात होईल. उतरल्यावर थेट बाहेर पडता येईल. अर्थात, गाडीची क्षमता ताशी १०,००० असली तरी स्थानकातील खिडक्या तेवढ्याच वेगाने चालल्या पाहिजेत, नाहीतर रांग कॉजवेवरून उठून फलाटाच्या दारात येईल. सुरुवातीच्या काही आठवड्यांत नवलाईची गर्दीही होईल. त्यामुळे ८२ वर्षांच्या आईंना पहिल्याच महिन्यात त्या रेल्वेने नेण्यासाठी भाऊबीज पुढे ढकलावी, असे मी तरी सुचवणार नाही.

उत्तर ३ : पार्ल्याची प्रवासी

ताई, मी फक्त कागदपत्रांविषयी लिहिते, कारण आमच्या सोबतच्या एका कुटुंबाला त्यातच मनस्ताप झाला होता. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो, आणि आपण जोहोरला जाऊन परत येणार असल्याने त्या व्हिसावर बहुप्रवेशाची नोंद आहे ना, हे मुंबई सोडण्यापूर्वीच पाहून घ्या. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसातून सूट दिली आहे, आणि सध्याच्या घोषणेप्रमाणे ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. जानेवारीत जायचे ठरवलेत तर हा मुद्दा नव्याने तपासावा लागेल.

दोन्ही देशांची डिजिटल आगमनपत्रे प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात. सिंगापूरचे पत्र चांगी विमानतळावर उतरताना भरले म्हणून काम संपत नाही, जोहोरहून परतताना ते पुन्हा भरावे लागते, आणि हेच अनेक जण विसरतात. आईंचे पत्र मुलीने घरीच भरून ठेवावे. क्यूआर कोडची सोय परतीच्या वेळी आपल्यालाही वापरता येईल, कारण त्याच पासपोर्टवर आपण आधी सिंगापुरात प्रवेश केलेला असेल, परंतु जोहोरच्या बाजूसाठी पासपोर्ट हाताशी हवाच.

प्रश्नकर्तीचे पुढील म्हणणे : दादरकर भगिनी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. खिडक्यांचा हिशोब मी भावाला फोनवर वाचून दाखवला आणि त्यालाही तो पटला. भाऊबीजेलाच जायचे आम्ही ठरवले आहे. आता दोन शंका उरतात. दिवाळीची सार्वजनिक सुट्टी दोन्ही देशांत असते, मग त्या दिवसांत गर्दी कितपत असेल? आणि आई म्हणते की तिला गाडीतून समुद्र पाहत जायचे आहे. सध्या जी जुनी रेल्वे चालते तिने गेलो तर चालेल का?

उत्तर ४ : वुडलँड्समध्ये राहणारा ठाणेकर

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आणि सुट्टीच्या सकाळी सिंगापूरहून बाहेर पडणारी गर्दी प्रचंड असते, आणि सुट्टी संपतानाच्या संध्याकाळी तीच गर्दी उलट दिशेने येते. भाऊबीज सुट्टीनंतर येत असल्याने आपण कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास सिंगापूरहून निघालात तर नोकरदारांच्या लोंढ्याच्या उलट दिशेने जाल. परत येताना पहाटेची वेळ कटाक्षाने टाळा, कारण जोहोरहून येणारी कामगारांची रांग पहाटे चार-पाचपासूनच सुरू होते. दुपारी जेवण उरकून निघावे. शनिवार-रविवारही टाळावेत. जोहोरची साप्ताहिक सुट्टी पूर्वी शुक्रवार-शनिवार असे, ती १ जानेवारी २०२५ पासून शनिवार-रविवार झाली आहे, त्यामुळे आता दोन्हीकडची माणसे एकाच दिवशी बाहेर पडतात. नोव्हेंबरच्या शेवटी सिंगापूरच्या शाळांना वर्षअखेरची सुट्टी लागते, त्याच्या आत आपण परतलेले असाल हे उत्तम. निघण्यापूर्वी कॉजवेवरील कॅमेऱ्यांची थेट चित्रे संकेतस्थळावर पाहता येतात, आपल्या मुलीला ती ठाऊक असतील.

जुनी रेल्वे म्हणजे वुडलँड्स ते जेबी सेंट्रल (जोहोर बारूचे रेल्वे स्थानक) ही शटल तेब्राऊ. कॉजवे ओलांडायला तिला जेमतेम पाच मिनिटे लागतात, आणि जाताना दोन्ही देशांची तपासणी वुडलँड्सलाच होत असल्याने वर सांगितलेला एकच थांब्याचा लाभ तिच्यात आजही मिळतो. आईंना खिडकीतून सामुद्रधुनीही दिसेल. मात्र तिच्या जागा फार मर्यादित आहेत आणि लवकर संपतात, म्हणून तिकीट आगाऊ काढावे लागेल. वुडलँड्सहून जाताना भाडे पाच सिंगापूर डॉलर आहे, तर येताना पाच रिंगिट. परतीला मलेशियाची तपासणी जेबी सेंट्रलला आणि सिंगापूरची वुडलँड्सला अशी दोनदा होते, म्हणून जाताना रेल्वे आणि येताना टॅक्सी असे करावे, असे मला वाटते. ज्या दिवशी निघाल त्या दिवशी मला येथे कळवा. मी वुडलँड्स स्थानकावर येऊन सामान उचलायला मदत करीन.