मदत हवी आहे: स्पीडोमीटरचा काटा मध्येच शून्यावर येतो, स्पीड सेन्सर गेलाय का?

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, डिझेल, मॅन्युअल गिअर. गेल्या आठवड्यापासून कात्रज घाट उतरताना स्पीडोमीटरचा काटा थरथरतो आणि एकदम शून्यावर पडतो. खड्डा बसला की परत जागेवर! काटा पडलेला असतो तोवर किलोमीटरचे आकडेही सरकत नाहीत. चेक इंजिनचा दिवा लागलाय, एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) नाही. स्कॅनरवर पी०५०० आला, म्हणजे व्हेईकल स्पीड सेन्सरच्या (गाडीचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) बिघाडाचा कोड.

गॅरेजवाले सांगतात, अख्खा मीटर बदला. मला हे पटत नाही. नुसता मीटर बिघडला असता तर इंजिनच्या ईसीयूने (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने) हा कोड कशाला दिला असता? शिवाय गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचा प्लग काढून पाहिला तर आत चिखल होता आणि एक पिन हिरवी पडलेली. मला तरी कनेक्टर किंवा वायरिंगचाच संशय येतोय.

पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन कोल्हापूरला जायचंय. खंबाटकीच्या उतारावर वेग कळला नाही तर काळजीच आहे. सेन्सर बदलण्याआधी मल्टीमीटरने नेमकं काय तपासू? प्लग साफ करून भागेल का? नाना पेठेत ओरिजिनल सेन्सर खात्रीने देणारं दुकान आणि पुण्यात चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.