मदत हवी आहे: मामांची डिसॅबिलिटी पेन्शन २० टक्क्यांवरच अडकली आहे, ५० कशी होईल?

कृष्णाकाठ
नमस्कार. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून २४ वर्षं पूर्ण करून जुलै २०१७ ला हवालदार पदावर निवृत्त झाले. सुटतानाच्या मेडिकल बोर्डाने दोन गोष्टी लिहिल्या आहेत. गुडघ्याची दुखापत २० टक्के, सेवेमुळे झालेली. बीपी ३० टक्के, पण त्यापुढे 'नाना', म्हणजे सेवेशी संबंध नाही, असा शेरा. दोन्ही मिळून ४० टक्के. सर्व्हिस पेन्शनच्या वर गुडघ्याचे २० टक्के सुरू आहेत, बीपीचा दावा २०१७ लाच नामंजूर झाला आणि तेव्हा अपील केलं नाही.

१) २० चे ५० होतात म्हणतात, ते आपोआप का झाले नाहीत?
२) नेटकॅफेवाल्याचं म्हणणं, बीपी धरलं की २० आणि ३० मिळून ५०, आणि ५० चे ७५ होतात. खरं आहे का?
३) आर्मीच्या कागदात मामींचं नाव माहेरचं आहे, आधारवर लग्नानंतरचं. याने पुढे अडचण येईल का?
४) मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला काही मिळेल का?

शिवनेरी७१
स्पर्शवर, म्हणजे संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, तक्रार टाका, दोन महिन्यांत ५० करून देतात.

पेन्शनची_वही
नाही हो, तक्रार टाकून हे होत नाही. 'सध्याच्या आदेशानुसार देय नाही' एवढं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते.

कारण असं. टक्केवारी वर नेण्याची सवलत १ जानेवारी १९९६ पासून आहे: ५० च्या आत असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. पण सरकारी पत्रात ती फक्त आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना दिली. मुदत पूर्ण करून सुटलेल्यांना वगळलं. सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात हा फरक चुकीचा ठरवला. तरी पेन्शन काढणारं कार्यालय मुदत पूर्ण करणाऱ्यांना आपणहून वाढवून देत नाही, प्रत्येकाला सैन्य न्यायाधिकरणाचा, म्हणजे एएफटीचा आदेश आणावा लागतो. चीड येते, पण वाट तीच आहे.

पैशाचा हिशेब बघा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. पगार (मिलिटरी सर्व्हिस पे धरून) ४०,००० होता असं समजू. १०० टक्क्यांचे १२,०००. त्यातले २० टक्के म्हणजे २,४००, ५० टक्के म्हणजे ६,०००. महिन्याला ३,६०० चा फरक, शिवाय त्यावरची महागाई.

नेटकॅफेवाल्याचं गणित चुकलंय. बोर्ड टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज करत नाही, दुसरी टक्केवारी उरलेल्यातून धरतात. आधी ३०, मग उरलेल्या ७० चे २० टक्के म्हणजे १४. आकडा ४४ च्या घरात येतो, म्हणूनच मामांच्या कागदावर ४० आहे. आता नीट बघा: २० चे ५० होतात, ४० चेही ५० च. बीपीचा दावा जिंकला तरी पेन्शनमध्ये एक रुपया वाढणार नाही.

कृष्णाकाठ
म्हणजे बीपीचा विषय सोडून द्यायचा?

पेन्शनची_वही
मामांच्या पैशासाठी सोडला तरी चालेल. मामींसाठी सोडू नका.

मान्य झालेल्या आजाराने मृत्यू झाला, किंवा त्या आजाराने तो लवकर ओढवला, तर पत्नीला स्पेशल फॅमिली पेन्शन लागते, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के. एरवी साधी फॅमिली पेन्शन, तिचा कायमचा दर ३० टक्के. गुडघ्याने कोणी दगावत नाही. बीपीमुळे पक्षाघात, हार्ट, किडनी हे सगळं होऊ शकतं. तो आजार 'नाना' राहिला तर मामींचा दावा पहिल्याच टेबलावर पडतो.

(बाकीच्यांसाठी: 'नाना' म्हणजे आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, या इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरं. आपले नाना नव्हेत.)

खडकीकर
वरच्याशी सहमत. कागदांचं मी लिहितो, कारण केस तिथेच अडते.

सगळ्यात आधी मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत मिळवा. फॉर्म एएफएमएसएफ-१६, सगळी पानं. घरी बहुतेकांकडे शेवटचंच पान असतं. प्रत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागायची. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. अर्जावर सही मामांचीच हवी. भाच्याने स्वतःच्या नावाने अर्ज केला की 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येतो आणि महिना फुकट जातो.

त्यात बघायचं ते आजार सुरू झाल्याची तारीख आणि ठिकाण. शांत ठाण्यावर सुरू झालेल्या बीपीला बोर्ड सहसा 'नाना' लिहितं. पण त्याच्या आधीची पोस्टिंग फील्डला किंवा अतिउंचीवर असेल तर मुद्दा उभा राहतो. लष्करी डॉक्टरांसाठीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत परिच्छेद ४३ बीपीवरच आहे. लांब आणि वारंवार फील्ड, अतिउंची किंवा ऑपरेशनल भागात काढलेल्या सेवेचा विचार करायला तो सांगतो. म्हणून पोस्टिंगची तारीखवार यादी जोडा.

सोबत धरमवीर सिंग निकाल, २ जुलै २०१३. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि नंतरचा आजार सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. बोर्डाने कारण न देता नुसता शेरा मारला असेल तर बोट नेमकं तिथे ठेवायचं.

पहिल्या अपिलाची मुदत नकाराच्या पत्रापासून ६ महिने. ती कधीच गेली, त्यामुळे उशीर माफ करण्याची विनंती कारणांसह लागेल.

पेन्शनची_वही
क्रम सांगतो. २० चे ५० करा असा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने, प्रत प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला. पोचपावती जपा. नकार आला किंवा ६ महिन्यांत उत्तर आलं नाही, की एएफटीच्या मुंबई खंडपीठाकडे ओए, म्हणजे मूळ अर्ज, दाखल करता येतो. नकार आल्यास तिथून ६ महिन्यांची मुदत सुरू होते.

थकबाकीची घाई इथे आहे: २००८ च्या तरसेम सिंग निकालावर बोट ठेवून सरकारी वकील अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांपलीकडचं द्यायला विरोध करतात. तेवढीच मिळाली तर मघाच्या उदाहरणात महागाई सोडून १,२९,६०० होतात. पण अर्ज जितके महिने लांबेल तितके जुने महिने मागून गळत जातात.

बीपी आणि गुडघा एका ओएमध्ये घालू नका. गुडघ्याचं प्रकरण सरळ आहे, बीपीवर सरकार भांडतं आणि सोबत गुडघाही लटकतो.

खडकीकर
इथे थोडा मतभेद. वेगळे करा, पण पहिल्या ओएमध्ये 'बीपीचा दावा स्वतंत्र चालू आहे, तो राखून ठेवत आहोत' हे वाक्य हवंच. नाहीतर पुढे 'तेव्हाच का मागितलं नाही' म्हणून अडवतील.

थकबाकीत टक्का मागणारा वकील नको. बार कौन्सिलच्या नियमात तशी फी बसत नाही. ठरलेली रक्कम लिहून घ्या. एएफटीत स्वतः उभं राहूनही बाजू मांडता येते.

आणि आदेश मिळाला की काम संपलं असं समजू नका. प्रमाणित प्रत रेकॉर्ड ऑफिसला द्यायची, आदेशातली मुदत उलटली की अंमलबजावणीचा अर्ज. नवा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात आल्यावर त्यात ५० टक्के आणि तारीख दोन्ही तपासा.

शिवनेरी७१
माझी माहिती चुकीची होती, मागे घेतो. सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांनाही हेच लागू का?

पेन्शनची_वही
जसंच्या तसं नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्क नियम आहेत, त्यांनी वेगळा धागा काढावा.

सैनिकवाडी
नावाचं उत्तर. माहेरचं नाव आणि लग्नातलं नाव हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. आत्ता सोपं वाटतं, मामा गेल्यावर मामींना 'ती मीच' हे सिद्ध करत फिरावं लागतं. डिस्चार्ज बुकात चुकीचं असेल तर स्पर्शमध्ये बदलून उपयोग नाही, मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसला बदलावी लागते. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र, आधार, पॅन, असा संच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवा. मग रेकॉर्ड ऑफिसमधून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा लष्करी आदेश, निघते, मग दुरुस्त पीपीओ. जन्मतारीखही त्याच फेरीत जुळवून घ्या. पेन्शनचं खातं जोडनावाने करा.

मुलीचं: पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलींना महिना ३,००० आहे, पण अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो आणि बारावीला ६० टक्के लागतात. ती वेळ गेली. केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान मात्र बघा, इंजिनिअरिंगला चालतं का ते आधी विचारून घ्या. हवालदार पदापर्यंतच्यांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत मिळतं, १ नोव्हेंबर २०२५ पासून महिना २,००० झालं आहे. अर्ज ऑनलाइन, मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते.

घरपट्टी माफीचा अर्ज केला नसेल तर तोही करा, दाखला त्याच कार्यालयात मिळतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. बोर्डाची प्रत यायला वेळ लागेल. तोपर्यंत ५० चा अर्ज थांबवायचा का?

पेन्शनची_वही
अजिबात नाही. त्याला पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाची प्रत पुरते. या आठवड्यात टाका.