२६ जानेवारीला गच्चीवर ऐतिहासिक चित्रपट: लावावा की नको?

सुदामानगरची काकू
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्या सोसायटीत बावन्न घरं. मराठी अकरा, बाकी माळवी, सिंधी, दोन बोहरी, आणि तिसऱ्या मजल्यावर फौजेतून निवृत्त झालेले एक जाट सुभेदारसाहेब, मूळ भरतपूरकडचे. २६ जानेवारीला पडदा लावून ऐतिहासिक चित्रपट दाखवायचा असं सांस्कृतिक समितीत ठरलंय. समिती म्हणजे मी आणि प्रोजेक्टर जोडता येणारी दोन पोरं. फलकावर "राष्ट्रीय एकात्मता" लिहूनही झालं.

पण गेल्या वर्षीचं अजून मनात सलतंय. पानिपताच्या काळातला एक चित्रपट लावला होता. सगळे खुर्च्या घेऊन वर आले, तलवारी चालल्या की टाळ्या, भाऊसाहेब पडले तेव्हा आमच्या सिंधी शेजारीणबाई माझ्याआधी रडल्या. छान चाललं होतं. मग एका पोराने मागे वळून बोहरी मुलाला "ए अब्दाली" अशी हाक मारली, आणि चार जण हसले. त्याची आई थोड्या वेळाने "दूध गॅसवर आहे" म्हणून उठली. रात्री साडेदहाला कसलं दूध? सुभेदारसाहेबही भरतपूरचा राजा सूरजमल जाटाचा प्रसंग झाल्यावर काही न बोलता खाली गेले.

तर असा चित्रपट माणसं जोडतो की गच्चीवर नवी भिंत बांधतो? लावू की नको?

भियाजी
काकू, सोपं आहे. १८५७चं काहीतरी लावा. शत्रू इंग्रज, विषय मिटला. तुमच्या सोसायटीत एकही गोरा राहत नाही ना?

सुदामानगरची काकू
भिया, हसले खरी! पण एकी करायला कायम गैरहजर माणूसच शोधायचा का? आणि १८५७च म्हणाल तर आपल्याच इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याच्या ठाण्यावर, १ जुलैला सादत खानाच्या पुढारीपणाखाली हल्ला झाला, होळकरांचेच सैनिक सोबत होते. पुढे १८७४ला त्याला फाशी दिलं. त्याच्यावर चित्रपट असता तर हा धागा काढलाच नसता.

लष्करवाला, ग्वाल्हेर
काकू, चूक पोराची नाही, गोष्ट अर्धी सांगितली त्याची आहे. आमच्या महादजी शिंद्यांचंच घ्या. पानिपतावरून निसटताना त्यांच्या पायावर घाव बसला, जन्माचं लंगडेपण आलं. रस्त्याकडेला पडलेल्या महादजींना बैलावर घालून सुखरूप आणलं ते राणेखानाने. जातीचा भिश्ती, पाणी वाहणारा. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं, फौजेचा सरदार केलं. आणि त्याच रणात इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. हे दोघं पडद्यावर नीट दिसले असते तर त्या पोराला अब्दालीखेरीज दुसरं नाव सुचलं असतं.

जुना मास्तर
सुभेदारसाहेब का उठले ते सांगतो. २०१९ला पानिपतावरचा हिंदी चित्रपट आला तेव्हा सूरजमलाच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शनं झाली, निर्मात्यांना काही भाग कापावा लागला. जखम जुनीच आहे.

आता इंदूरवाल्यांनी आपल्या घरातलं आठवावं. १७५४ साली मराठ्यांनी सूरजमलाच्या कुम्हेर किल्ल्याला वेढा घातला. तिथे खंडेराव होळकर गोळा लागून गेले. मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा, अहिल्याबाईंचे यजमान. यापेक्षा मोठं वैर कुठलं? पानिपताआधी सूरजमल भाऊसाहेबांची साथ सोडून परतला, हेही खरं. पण १४ जानेवारी १७६१नंतर उपाशी, जखमी, उघडी मराठी माणसं त्याच्या मुलखात पोचली तेव्हा त्याने त्यांना अन्न दिलं, कपडे दिले, औषधपाणी केलं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर जखमी होऊन सूरजमलाच्या डीगला पोचला, तिथेच त्याने प्राण सोडला. खंडेरावांची स्मारकाची छत्री आजही कुम्हेरजवळ, म्हणजे त्याच मुलखात उभी आहे.

चित्रपटवाल्यांना लढाई तासभर पुरते. ही थाळी वाढण्याची दृश्यं दोन मिनिटांत उरकतात, नाहीतर गाळतात. माझं मत विचाराल तर चित्रपट जरूर लावा, पण मध्यंतर मोठं ठेवा आणि गाळलेलं कुणाकडून तरी सांगून घ्या.

भियाजी
मास्तर, मध्यंतर मोठं म्हणजे कचोरी पण मोठी.

सुदामानगरची काकू
मास्तरांचं वाचून काल संध्याकाळी जिना चढून सुभेदारसाहेबांकडे गेले. गुडघे दुखतात, पण म्हटलं जाऊ. कुम्हेरचं नाव काढलं आणि ते टीव्ही बंद करून बसले. त्यांचं आजोळ तिथून जवळच. लहानपणी मामाबरोबर खंडेरावांच्या छत्रीपाशी बकऱ्या चारायला जायचे, म्हणे. मामा सांगायचा, "हा मोठ्या घरचा पाहुणा आहे, इथे चप्पल घालू नको." इतकी वर्षं राजवाड्यासमोरच्या अहिल्याबाईंच्या पुतळ्यावरून जातात, पण तो पाहुणा कुणाचा नवरा हे त्यांना माहीत नव्हतं. मला तर मामाच माहीत नव्हता.

मध्यंतरात ते बोलणार आहेत, हिंदीत. राणेखानाचं मी सांगेन. बोहरी शेजारणीकडे आज जाणार आहे, तिला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. चित्रपट कुठला तेही राहिलंच आहे, पोरं यादी करून राहिलीत.