मोटार नसताना, फक्त रेल्वेने: ब्रिटनमधल्या अतरंगी जत्रा आणि स्पर्धा कशा गाठायच्या?

वाटसरू७

नमस्कार मंडळी,

मुक्काम बर्मिंगहॅम, मोटार नाही, दोघांचं टू-टुगेदर रेलकार्ड आहे. येत्या वर्षभरात या चार ठिकाणी जायचा बेत आहे:

ग्लॉस्टरजवळच्या कूपर्स हिलवर गडगडत्या चीजमागे धावतात ती शर्यत, वेल्समधलं बॉग स्नॉर्कलिंग (दलदलीतल्या चरातून पोहणं), ॲशबॉर्नचा श्रोव्हटाइड फुटबॉल (अख्ख्या गावात खेळतात तो) आणि ससेक्समधल्या ल्युइसची ५ नोव्हेंबरची होळी (बॉनफायरची मिरवणूक).

नकाशावर बघितलं तर यातल्या निम्म्या ठिकाणी स्टेशनच दिसत नाही. तिकिटं किती आधी काढावीत, शेवटचा टप्पा कसा गाठावा आणि परतीच्या वेळी नेमकं काय फसतं, हे माहीतगारांनी सविस्तर सांगावं. बॉग स्नॉर्कलिंगमध्ये भागही घ्यायचा विचार आहे.

---

लोहमार्ग

आधी तारीख, मग तिकीट. यातल्या बऱ्याच जत्रांची तारीख ठरलेली नसते, नियम ठरलेला असतो. चीज रोलिंग मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे स्प्रिंग बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टी). ॲशबॉर्न श्रोव्ह ट्यूसडे आणि त्यानंतरचा ॲश वेन्सडे असे दोन दिवस. श्रोव्ह ट्यूसडे ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणून ॲशबॉर्न ९ आणि १० फेब्रुवारीला. ल्युइस ५ नोव्हेंबरला, पण त्या दिवशी रविवार आला तर आदल्या शनिवारी. २०२३ मध्ये तसंच झालं होतं. जुन्या लेखात वाचलेली तारीख धरून ॲडव्हान्स तिकीट काढलं की पैसे बुडालेच म्हणून समजा.

ॲडव्हान्स तिकीट साधारण १२ आठवडे आधीपासून मिळतं आणि ते एकाच ठराविक गाडीला बांधलेलं असतं. जाताना ते ठीक आहे, येताना घेऊ नका. असे कार्यक्रम उशिरा सुरू होतात, रस्ते बंद असतात, बसला रांग लागते. गाडी चुकली की ते तिकीट रद्दी होतं. त्याऐवजी ऑफ-पीक रिटर्नचा (गर्दीच्या वेळा सोडून चालणाऱ्या जाण्या-येण्याच्या तिकिटाचा) भाव बघा. लांब पल्ल्याच्या बऱ्याच मार्गांवर ऑफ-पीक सिंगल आणि ऑफ-पीक रिटर्न यांच्यात जेमतेम एखाद्या पौंडाचा फरक असतो आणि रिटर्नचा परतीचा भाग महिनाभर चालतो. जाताना ॲडव्हान्स आणि येताना सिंगल अशी बेरीज केली तर अनेकदा ती साध्या रिटर्नपेक्षा जास्त भरते.

टू-टुगेदरवर एक तृतीयांश सूट मिळते, पण प्रवासभर दोघंही सोबत हवेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९:३० च्या आधी ते चालत नाही. शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला ही वेळेची अट नाही. ॲशबॉर्न मंगळवार-बुधवारी येतं, त्यामुळे तिथे हे लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठा खोडा रुळांच्या कामांचा. बँक हॉलिडेला नोकरदारांची गर्दी कमी, म्हणून मोठी दुरुस्ती नेमकी त्याच तीन दिवसांत काढतात. त्या दिवसांचं वेळापत्रक उशिरा पक्कं होतं आणि तिकिटंही उशिरा उघडतात. गाडीऐवजी रिप्लेसमेंट बस असेल तर प्रवासाचा वेळ दुप्पट धरा. निघायच्या आदल्या रात्री नॅशनल रेलच्या साइटवर पुन्हा एकदा तपासा. आधी बघितलं होतं यावर विसंबू नका.

---

चिखलपाय

बॉग स्नॉर्कलिंगबद्दल लिहितो, कारण बाकी ठिकाणी गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीने निभतं. इथे निभत नाही.

गाव लानर्टिड वेल्स, मध्य वेल्समध्ये. लोकवस्ती हजाराच्या आत, पण स्वतःचं स्टेशन आहे. लाइन हार्ट ऑफ वेल्स: श्रूजबरी ते स्वान्सी, बहुतांश एकेरी रूळ. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटहून श्रूजबरी साधारण तासाभराचं, तिथून पुढे दोनेक तास. अडचण अंतराची नाही, गाड्यांच्या संख्येची आहे. एरवी दिवसाला चार-पाच गाड्या आणि रविवारी फक्त दोन. स्पर्धा ऑगस्ट बँक हॉलिडेच्या शनिवार-रविवार-सोमवारात असते, अलीकडे रविवारी. म्हणजे ज्या दिवशी सर्वात जास्त लोक येतात त्याच दिवशी सर्वात कमी गाड्या. शनिवारी पोहोचायचं आणि सोमवारी निघायचं, हाच शहाणपणाचा मार्ग. राहायच्या खोल्या मोजक्याच असल्यामुळे त्या तिकिटाच्या कितीतरी आधी धरा. गावात जागा मिळाली नाही तर तंबू, नाहीतर याच लाइनवरचं लॅन्ड्रिंडॉड. मात्र लॅन्ड्रिंडॉडला राहिलात तर रविवारच्या त्याच दोन गाड्यांचा प्रश्न पुन्हा समोर येतो, म्हणून टॅक्सी आधीच सांगून ठेवा.

एकेरी रुळामुळे उशीर वाढत जातो. समोरची गाडी क्रॉसिंगला आली नाही की आपली थांबते. श्रूजबरीला गाडी बदलायला दहा मिनिटं दाखवत असतील तर त्याआधीची गाडी घ्या आणि तासभर फलाटावर बसा. तिथे चुकामूक झाली तर पुढची गाडी तीन-चार तासांनी. तिकीट बर्मिंगहॅम ते लानर्टिड असं सलग काढा. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर सलग तिकिटावर पुढच्या गाडीने जाता येतं, वाद घालावा लागत नाही.

या लाइनवर कितीतरी स्टेशनं रिक्वेस्ट स्टॉप आहेत. तिथे उतरायचं तर गाडीत बसल्याबरोबर गार्डला सांगायचं. चढायचं तर फलाटावर चालकाला दिसेल असं उभं राहून हात करायचा. बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसलात तर गाडी निघून जाते. डोंगरात नेटवर्क जातं, म्हणून ई-तिकीट आधीच उतरवून ठेवा.

आता स्पर्धा. १९८५ पासून चालू आहे, जागा वाइन रिद ही दलदल, गावातून पायी जाण्याजोगी. पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीच्या) जमिनीत ६० यार्डांचा चर खणलेला असतो. एकदा जायचं आणि एकदा यायचं, म्हणजे १२० यार्ड, सुमारे ११० मीटर. स्नॉर्कल, मास्क आणि फ्लिपर लागतात. नेहमीचे पोहण्याचे हात मारायला परवानगी नाही, सगळा जोर फ्लिपरचा. दिशा बघायला डोकं वर काढता येतं, पण जितकं काढाल तितका वेग जातो. जिंकणारे दीड मिनिटाच्या आत बाहेर येतात.

नवख्यांचं फसतं ते दमात नाही, दिशेत. पाणी चहासारखं काळं, आपला पुढे केलेला हातही दिसत नाही. माणूस तिरका जाऊन काठाच्या गवतात घुसतो. हात पुढे ताणून ठेवले तर कडा आधी बोटांना लागते. मास्क घरच्या बाथटबमध्ये पाण्याखाली तपासा, कारण कडेला केसाची एक बट अडकली तरी तो गळतो. वेटसूटची सक्ती नाही, पण ऑगस्टमध्येही पाणी गार असतं, घाला.

परतीचा विचार इथूनच करा. ओला, पीटने माखलेला वेटसूट दोन डब्यांच्या गाडीत उघडा नेता येत नाही. तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी न्या, फ्लिपरसाठी वेगळी. ज्या कपड्यात प्रवास करणार ते स्पर्धेच्या जागी नेऊच नका, खोलीवर ठेवा.

याच गावात जूनमधल्या एका शनिवारी माणूस विरुद्ध घोडा ही सुमारे २२ मैलांची शर्यत होते, १९८० पासून. घोडे माणसांच्या १५ मिनिटं मागून सोडतात आणि तो फरक वेळेत धरतात. माणूस पहिल्यांदा जिंकला २००४ मध्ये, बक्षीस तोवर साठत साठत २५,००० पौंडांवर गेलं होतं. शनिवार असल्यामुळे रेल्वेने ही शर्यत जास्त सोयीची आहे.

---

रानजाई

कूपर्स हिल: बर्मिंगहॅमहून चेल्टनहॅम स्पा आणि ग्लॉस्टर, दोन्हीकडे थेट गाड्या आहेत. टेकडी ब्रॉकवर्थ गावाला लागून आहे, या दोन शहरांच्या मधोमध. ब्रॉकवर्थपर्यंत बस मिळते, पण सोमवार सुट्टीचा असल्यामुळे वेळापत्रक रविवारसारखं असतं. आजूबाजूचे रस्ते बंद असतात, त्यामुळे टॅक्सीही पायथ्यापर्यंत जात नाही. ग्लॉस्टर स्टेशनपासून सगळं अंतर चालायचं तर सात-आठ किलोमीटर धरा.

पहिली शर्यत दुपारी १२ च्या सुमारास सुटते, पण उताराच्या कडेची चांगली जागा त्याच्या बरीच आधी भरते. साडेनऊच्या आत स्टेशनवर उतरता आलं पाहिजे. उतार सुमारे १८० मीटरचा आणि इतका उभा की बघणाऱ्यांचेही पाय सटकतात. पाऊस पडून गेला असेल तर जास्तच. घोट्याला आधार देणारे, खाचांच्या तळव्याचे बूट घाला. छत्री नको, मागच्यांना काही दिसत नाही. पाणी सोबत ठेवा आणि स्वच्छतागृह स्टेशनवरच उरका. ३ ते ४ किलोचं डबल ग्लॉस्टर चीज धावणाऱ्यांच्या साधारण सेकंदभर आधी सोडतात आणि त्याची दिशा कुणाच्याच हातात नसते, म्हणून अगदी खाली, कुंपणाजवळ उभं राहू नका. २०१० पासून शर्यतीला अधिकृत आयोजक नाही, त्यामुळे तक्रार करायला कुणी नाही आणि नावनोंदणीही नाही.

ॲशबॉर्न: इथली रेल्वे १९६० च्या दशकातच बंद झाली, त्या मार्गावर आता टिसिंग्टन ट्रेल नावाची पायवाट आहे. डर्बीपर्यंत गाडी, स्टेशनवरून पायी बसस्थानक आणि तिथून बस. दोन्ही दिवशी गावातले मुख्य रस्ते बंद असल्यामुळे बस नेहमीच्या थांब्यावर येत नाही. उतरतानाच चालकाला परतीची बस कुठून सुटेल ते विचारून घ्या. ही एवढी गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि रात्री भलत्याच थांब्यावर कुडकुडत बसतात.

चेंडू दुपारी २ वाजता शॉक्रॉफ्टमधल्या चौथऱ्यावरून फेकतात. खेळ रात्री १० पर्यंत चालू शकतो, तुमची बस मात्र चालेलच असं नाही. हेनमोर ओढ्याच्या एका बाजूला जन्मलेले अपर्ड्स, दुसऱ्या बाजूचे डाउनर्ड्स, असे दोन संघ, आणि दोन गोलमध्ये ३ मैल अंतर. चक्कीच्या दगडावर चेंडू तीनदा आपटला की गोल. एका दिवसात शेवटपर्यंत बघायचा हट्ट धरू नका. दुपारी दोनची फेक, मग दोन-तीन तास ओढ्याकाठची झुंबड, आणि अंधार पडताना निघा. अरुंद गल्लीत थांबू नका. घोळका भिंतीकडे वळला की मधल्या माणसाला बाहेर पडायला जागा राहत नाही. दुकानांच्या काचांवर फळ्या उगाच ठोकत नाहीत.

---

तिसरीघंटा

ल्युइसबद्दल स्पष्ट सांगते: रेल्वेने जाण्याचा बेत असेल तर तो बदला. अलीकडच्या वर्षांत ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून गाड्या ल्युइसला आणि शेजारच्या छोट्या स्टेशनांवर थांबतच नाहीत. गर्दीने फलाटावर चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून हे करतात, आणि बाहेरच्यांनी येऊ नये असं तिथली प्रशासनं दरवर्षी सांगतात. दुपारी लवकर जाऊन थांबता येईल, पण परत येता येणार नाही. शेजारच्या स्टेशनवर उतरून चालत जाण्याची युक्ती सुचवणारे भेटतील. ती रात्री अंधाऱ्या, पदपथ नसलेल्या रस्त्यावरची चाल आहे, करू नका.

मिरवणुकीत सतरा जळते क्रॉस नेतात, ते १५५५ ते १५५७ या काळात तिथे जाळलेल्या सतरा प्रोटेस्टंटांच्या स्मरणार्थ. बघायचंच असेल तर शहरात मुक्काम हवा आणि तो महिनोन्‌महिने आधी धरावा लागतो. ससेक्समधल्या इतर गावांच्या बॉनफायर सोसायट्याही सप्टेंबरपासून वेगवेगळ्या शनिवारी मिरवणुका काढतात. रेल्वेवाल्या माणसाने त्यातली एखादी निवडावी.

---

वाटसरू७

सर्वांचे मनापासून आभार. ल्युइस रद्द. त्याऐवजी बर्मिंगहॅमहून दिवसात होईल आणि आठ वर्षांच्या भाचीला नेता येईल असं काही आहे का? दोन मोठे, एक मूल.

---

रानजाई

जूनमध्ये गांडुळं बाहेर काढण्याची जागतिक स्पर्धा, चेशायरमधलं विलस्टन, १९८० पासून. चेशायरच्या त्या बाजूला विलस्टन नावाची दोन गावं आहेत, दुसरं विरलमध्ये. आपल्याला नॅन्टविचजवळचं हवं. बर्मिंगहॅम ते क्रू थेट गाडी, तिथून नॅन्टविच एकच स्टेशन. पुढे दोन-तीन किलोमीटर चालत.

तीन बाय तीन मीटरचा तुकडा, वेळ अर्धा तास. खणायचं नाही आणि पाणी ओतायचं नाही, चहा किंवा बीअरसुद्धा नाही. बागेचा काटा जमिनीत रोवून दांडा हलवत राहायचा, कंपनांनी गांडुळं वर येतात. विक्रम ५६७ चा, २००९ मधला, आणि तो दहा वर्षांच्या मुलीचा आहे, हे भाचीला नक्की सांगा. काटा गाडीत नेताना दातांना जाड पुठ्ठा बांधा.

---

लोहमार्ग

मूल सोबत असेल तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्डचा हिशेब करून बघा: मोठ्यांना एक तृतीयांश, ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के सूट. टू-टुगेदरवर मुलाला काही मिळत नाही.

दुसरा पर्याय ॲबट्स ब्रॉमलीचा शिंगांचा नाच. ४ सप्टेंबरनंतरचा पहिला रविवार, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. सहा जोड्या रेनडिअरच्या शिंगांच्या, एकाचं कार्बन परीक्षण अकराव्या शतकाकडे बोट दाखवतं. नर्तक सकाळी ८ ला चर्चपासून निघतात आणि दिवसभर गावात आणि आजूबाजूच्या शेतांवर फिरतात, म्हणून पहाटेची गाडी पकडायची गरज नाही. रूजली ट्रेंट व्हॅलीला थेट लोकल जाते, पुढचे सुमारे दहा किलोमीटर टॅक्सीने. मात्र परतीची टॅक्सी उतरतानाच ठरवा. आणि तो सोमवार सुट्टीचा नसतो, शाळेचं बघून घ्या.

ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या रविवारची कॉन्करची (नाडीत ओवलेल्या हॉर्स चेस्टनटच्या बिया एकमेकींवर आपटण्याची) स्पर्धाही मुलांना आवडते, पण गाव साउथविक, पीटरबरोपासून वीसेक किलोमीटर आणि दिवस रविवार. तिकिटाच्या ॲपमध्ये नुसतं साउथविक टाकलंत तर ब्रायटनजवळचं स्टेशन येतं, ते हे नव्हे. पीटरबरोचं तिकीट काढा आणि टॅक्सी तिघांत वाटून घ्या. स्वतःचे कॉन्कर नेऊ नका, बी आणि नाडी आयोजकच देतात.