दारू सुटलेल्या माणसाने दुसऱ्याच्या घरी फॉलोअपला जायचं म्हणजे नक्की करायचं काय?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी दापोली साईडचा, आधी बोटीवर खलाशी होतो, आता जेटीवर बर्फाचं काम बघतो. दारू सुटून काही वर्षं झाली, एएच्या म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला नियमित जातो. जिथे ॲडमिट होतो तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणतायत की आपल्या पट्ट्यातल्या डिस्चार्ज झालेल्या पेशंटांचा फॉलोअप तू बघ, थोडं मानधन पण मिळेल. म्हणजे घरी जायचं, गप्पा मारायच्या, गोळ्या चालू आहेत का बघायचं, मीटिंगला घेऊन यायचं. मी हो म्हटलं आणि आता तंतरलीय. पहिल्याच घरात त्या पोराची आई म्हणाली तू सुधारलास ना मग आता याला तूच सुधार, आणि बायको मागच्या पडवीत बोलावून हळूच विचारते की ते आमटीत कालवून द्यायचं औषध असतं ना ते आणून द्या भावजी. त्यात आता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या, सगळी पोरं घरी रिकामी, आणि शाकारलेल्या होडीच्या आडोशाला पत्ते आणि बाटली हे काय मी तुम्हाला सांगायला नको. अजून एक म्हणजे मी कोण होतो ते अख्ख्या वाडीला माहितीय, त्यामुळे मी ज्याच्या अंगणात दिसलो तो बेवडा असा शिक्का बसतो. हे काम कोणी केलंय का इथे?

जुना_तांडेल:
केलंय, करतोय, रत्नागिरी साईडला. पहिलं म्हणजे त्या आईला तिथेच सांगायचं की मावशी, मी डॉक्टर नाही आणि पोलीस पण नाही, मी फक्त याच्यासारखाच एक आहे. एए सुरू कशी झाली माहितीय ना, ती सुरू करणाऱ्या बिल विल्सनने १९३४ च्या शेवटी दारू सोडली आणि पुढचे काही महिने दिसेल त्या दारुड्याच्या मागे लागला, एकही टिकला नाही, पण तो स्वतः टिकला. मग मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात धंद्याचं काम फिसकटलं, हॉटेलात बार समोर, प्यायची तलफ आली तेव्हा त्याने फोनाफोनी करून बोलायला दुसरा दारुडा शोधला, तो डॉक्टर बॉब, एएचा दुसरा संस्थापक. तेव्हा ज्याला भेटायला जाशील तो प्यायला तर ते तुझं नापास होणं नाही, हे आधी डोक्यात घाल नाहीतर सहा महिन्यात तूच स्लिप होशील, म्हणजे परत प्यायला लागशील.
शिक्क्याचं म्हणशील तर घरी जाऊच नकोस ना. बंदीच्या दिवसात जाळी शिवायची कामं असतातच, मी सुई घेऊन बाजूला बसतो. हातात काम असलं आणि नजर जाळ्यावर असली की माणूस बोलतो, समोरासमोर खुर्ची टाकून बसलास तर फक्त हो दादा हो दादा करेल. आणि कोणी विचारलं तर आपली ओळख कशी सांगायची ते आधी त्यालाच विचार, ते त्याने ठरवायचं.

पीएचसीवाली:
मी स्टाफ नर्स आहे. खाडीकाठ दादा, ते आमटीतलं औषध म्हणजे डायसल्फिराम, आणि ते लपवून द्यायला सपशेल नाही म्हणा. त्यावर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद, छाती धडधडते, उलट्या, बीपी पडतं, माणूस जाऊ पण शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत रिॲक्शन येऊ शकते, म्हणून पेशंटला सगळं समजावून डॉक्टरच देतात.
दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याला एकदम घरात कोंडून दारू बंद करू देऊ नका. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जण बरळायला लागतात, नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं. आपल्याकडे घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय आणि भगताकडे नेतात, रात्र फुकट जाते. तुम्ही हे बघितलेले असता, अशा वेळी तुमचा एक शब्द आमच्या दहा पोस्टरपेक्षा भारी, सरळ १०८ ला फोन लावायला सांगा. आणि गर्दवाली पोरं असतील तर अजून जपा, काही दिवस बंद ठेवून पुन्हा जुनाच डोस घेतला की शरीर सहन करत नाही, तेव्हाच जास्त जातात.

मालवणी_माणूस:
माका ह्या पैशाचा पटणा नाय. माझी दारू एका म्हाताऱ्यान फुकट येवन येवन सोडवल्यान, एस्टीचा तिकीट सुद्धा स्वतःच्या खिशातला. तू मानधन घेवन गेलंस तर पेशंट म्हणतलो ह्याचो हो धंदोच आसा. आणि शिमग्याक काय करतलंस ता आधी ठरय. आमच्या गावात राखणदाराक, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाक, दारू दाखवतत, मगे तीच तीर्थ म्हणान वाटतत. नव्या माणसाक नाय म्हणूची ताकद नसता. त्या दिवशी तेच्या बाजूक उभो रव, बाकी काय बोला नको.

जुना_तांडेल:
राखणदाराचं एकदम बरोबर. पैशाचं थोडं वेगळं आहे रे. मीटिंगमधून जे करतो ते फुकटच, तिथे पैसा आला की संपलं. पण सरकारी अनुदानावरच्या केंद्रांत पीअर एज्युकेटर, म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर आलेला कार्यकर्ता, ही पगारी पोस्टच असते, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामध्ये पण इतकी वर्षं तिथलेच बरे झालेले लोक काम करतायत. फक्त दोन टोप्या एकदम घालू नये. केंद्राच्या यादीतला पेशंट असेल तर त्याचा स्पॉन्सर, म्हणजे एएमधला वाट दाखवणारा जुना सोबती, तू होऊ नकोस. आणि कामाच्या निमित्ताने मीटिंगला बसलास ते धरू नकोस, स्वतःसाठी वेगळी मीटिंग ठेव, जिथे तुला रडता येईल.

वेलदोडा:
मी पेशंटची बायको. आमच्याकडे जे दादा यायचे ते मी विचारलं की हे काय म्हणाले तरी सांगायचे नाहीत, जिवाला धोका असेल तरच सांगेन म्हणायचे. तेव्हा राग यायचा पण त्यामुळेच हे त्यांच्याशी खरं बोलले. मला त्यांनी अल-ॲनॉनचा, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाचा, नंबर दिला, तिथे बायकांशी बोलल्यावर मी बाटल्या शोधत फिरायचं सोडलं. हातउसने पैसे मात्र कधी दिले नाहीत त्यांनी, यांनी मागितले होते तरी.

खाडीकाठ:
आभार सगळ्यांचे. शनिवारी मॅडमना सांगतो की औषधाचं तुम्हीच घरच्यांशी बोला. एक राहिलं, रात्री अकराला पिऊन फोन करतात त्याचं काय करता?

जुना_तांडेल:
मरायची भाषा करत असेल तर उचलायचा, बाजूला कोण आहे विचारायचं, त्यांच्याशी बोलायचं, आणि १४४१६ टेली मानस चोवीस तास चालू असतं तो नंबर द्यायचा. नुसता झिंगला असेल तर सकाळी बोलू म्हणून ठेवायचा, आणि सकाळी खरंच करायचा. व्यसनाची सरकारी हेल्पलाईन १४४४६ आहे, दोन्ही नंबर पहिल्याच भेटीत त्याच्या मोबाईलमध्ये स्वतः सेव्ह करून दे, कागदावर दिलेले भिजतात.